अंजिराची जात ओळखायची कशावरून : पानावरून, फळावरून की नर्सरीवाल्याच्या चिठ्ठीवरून? (नागपूर)

सदाफुली (त्रिमूर्तीनगर), १४ ऑगस्ट, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आज चार दिवसांनी पाऊस उघडला, तसे झाडांचे फोटो काढले आणि लगेच लिहायला बसले. माझ्याकडे अंजिराची तीन झाडं आहेत आणि तिघांपैकी एकाचीही जात मला छातीठोकपणे सांगता येत नाही. माहेर सासवडकडचं, लहानपण अंजिराच्या बागांमध्ये गेलं, तरी ही गत आहे.

पहिलं झाड अंगणात, जमिनीत. चार वर्षांपूर्वी जानेवारीत आईने परसातल्या झाडाच्या सहा काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून दिल्या होत्या. महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये रात्रभर मांडीवर घेऊन बसले होते. दोन जगल्या, एक शेजारी दिली, एक माझ्याकडे. पानं पंजाएवढी, पाच बोटांची, खरखरीत. गेल्या वर्षीपासून फळ धरतं, पण आईकडची गोडी नाही. पावसात आलेलं फळ तर नुसतं पचपचीत. आणि आत्ता पानांच्या खालच्या बाजूला तपकिरी भुकटी आली आहे. गेल्या वर्षी याच भुकटीनंतर पोळ्यापर्यंत झाड बोडकं झालं होतं. (फोटो १, २)

दुसरं गच्चीवर, अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये. वर्धा रोडच्या कडेला बसणाऱ्या एका रोपवाल्याकडून घेतलं, चिठ्ठीवर 'ब्राउन टर्की' लिहिलं होतं. फळ तपकिरी होईल म्हणून वाट पाहत राहिले आणि ते हिरवंच राहून मऊ पडलं. बुलबुलांनी टोचलं तेव्हा कळलं की आत लालभडक आहे. (फोटो ३)

तिसरं कुंपणाच्या भिंतीलगत. 'ब्लॅक, कलमी' म्हणून ६५० रुपयांना घेतलेलं. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, वरचा भाग पार वाळला. जूनच्या पहिल्या पावसात बुडाशी फुटवा आला आणि दोन महिन्यांत माझ्या डोक्याच्या वर गेला. पण पानं बघा, लांबट, टोकदार, गुळगुळीत, एकालाही बोटं नाहीत. विकणाऱ्याला फोटो दाखवला तर म्हणाला, झाड जुनं झालं की पानं फाटतात. (फोटो ४, ५)

जाणकारांनी सांगावं, जात नक्की कशावरून धरायची?

पानफुटी, १४ ऑगस्ट, रात्री १०.५५

सदाफुली, तिसऱ्या झाडापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर लगेच देता येतं. उद्या सकाळी तीन गोष्टी बघा. पान दोन बोटांत धरून चोळा. अंजिराचं पान दोन्ही बाजूंनी पॉलिशकागदासारखं लागतं. मग पानांवर वाटाण्याएवढे, गुलाबीसर फोड कुठे आहेत का ते शोधा. आणि बुडाशी माती बाजूला करून फुटवा कलमाच्या जोडाच्या वरून निघालाय की खालून, ते बघा. चीक अंजिरालाही येतो आणि माझ्या मनात आहे त्या दुसऱ्या झाडालाही, तेव्हा चिकावर जाऊ नका.

फोटो ५ मध्ये डावीकडच्या पानावर मला दोन फोड दिसतात असं वाटतंय.

सदाफुली, १५ ऑगस्ट, सकाळी ७.२०

झेंडावंदनाला जायच्या आधी बघून आले. पान गुळगुळीत. फोड आहेत, एका पानावर सात मोजले. जोड जमिनीपासून चार बोटं वर आहे आणि फुटवा त्याच्या खालून आहे. आता सांगा.

पानफुटी, १५ ऑगस्ट, सकाळी ११.०५

मग ते उंबर आहे. विकणाऱ्याने फसवलं असंच म्हणता येणार नाही, कारण अंजिराचं कलम उंबराच्या खुंटावर बांधायची पद्धत खरीच आहे. अंजिराच्या मुळांना सूत्रकृमी, म्हणजे मातीतले बारीक जंत, फार लागतात, मुळांवर गाठी येतात आणि झाड वाढायचं थांबतं. उंबराचं मूळ त्यांना दाद देत नाही, म्हणून खाली उंबर आणि वर अंजीर. तुमचं वरचं अंजीर मेच्या उन्हात गेलं आणि खालचा खुंट जगला. ते फोड एका बारीक किडीमुळे येतात आणि उंबराच्या पानाची ती ओळखच आहे. 'पानं फाटतील' ही मात्र त्याने केलेली बोळवण. उंबराच्या पानाला बोटं कधीच येत नाहीत.

कलमी अंजीर घेणाऱ्या सगळ्यांना हे सांगणं आहे. जोडाच्या खालून फुटवा दिसला की नखाएवढा असतानाच खुडून टाका. उंबर अंजिरापेक्षा कितीतरी जोमाने वाढतं आणि वरच्याचं सगळं अन्न ओढून घेतं.

आता पान. अंजिराची जात एकट्या पानावरून धरू नये. एकाच झाडावर तळाच्या फांदीला बिनबोटांचं, मधल्या फांदीला तीन बोटांचं आणि उन्हातल्या शेंड्याला पाच बोटांचं पान मी स्वतः पाहिलंय. रोप लहान असताना आणि सावलीत पानं वेगळीच येतात. त्यातून मोझॅक विषाणू असेल तर पानावर पिवळे चट्टे येतात, पान वेडंवाकडं होतं, आणि लोकांना ती नवी जात वाटते. पान बघायचंच असेल तर पूर्ण उन्हातल्या, यंदा वाढलेल्या फांदीच्या मधलं, पूर्ण वाढलेलं घ्या. एक नको, दहा घ्या.

खरी ओळख फळात आहे. पिकल्यावर सालीचा रंग, देठाची लांबी, फळाला मान आहे की नाही, सालीवरच्या उभ्या शिरा, उभं चिरल्यावर गराचा रंग आणि सगळ्यात महत्त्वाचा डोळा. तो मिटलेला आहे, अर्धवट उघडा आहे की पेन्सिलचं टोक जाईल एवढा मोठा आहे, ते बघा.

गच्चीबाग_मनीषनगर, १५ ऑगस्ट, दुपारी १.३०

डोळा म्हणजे फांदीवरचा का? आम्ही डोळा भरतो तो?

पानफुटी, १५ ऑगस्ट, दुपारी २.१०

नाही, फळाच्या बुडाचं छिद्र. फांदीवरच्यालाही डोळाच म्हणतात, म्हणून गोंधळ होतो. आपण ज्याला अंजीर म्हणतो ती आत वळलेली फुलांची पिशवी आहे, शेकडो बारीक फुलं आतल्या भिंतीला लगडलेली असतात. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही म्हणतात ते याच कारणाने. ती पिशवी बाहेरच्या जगाला जोडलेली असते ती फक्त या डोळ्याने. परसबागेत डोळा मिटलेली जात असेल तर निम्मं काम झालं, कारण पावसाचं पाणी, चिलटं आणि भुंगे आत शिरत नाहीत आणि फळ आंबत नाही. उघड्या डोळ्याची जात आपल्याकडच्या पावसात हमखास आंबते.

तुमच्या दुसऱ्या झाडाबद्दल. ब्राउन टर्कीची साल पिकल्यावर तांबूस जांभळी तपकिरी होते. झाड दाट सावलीत असेल तर रंग कमी चढतो, पण तुमचं उघड्या गच्चीवर आहे. हिरवी साल आणि आत लाल गर म्हणजे ते ब्राउन टर्की नाही. कोनाड्रिया असू शकतं. त्याची साल फिकट हिरवी आणि गर स्ट्रॉबेरीच्या रंगाचा असतो. ती कॅलिफोर्नियात इरा कॉन्डिट यांनी संकरातून तयार केली आणि १९५६ साली बाहेर आली. पण हिरव्या सालीच्या आणि लाल गराच्या जाती आणखीही आहेत, म्हणून आज तिला नाव देऊ नका. 'हिरवं, लाल गर' एवढंच लिहून ठेवा. याच कॉन्डिट यांनी १९५५ साली जगभरातल्या शेकडो जातींची वर्णनं एकत्र केली, तेव्हाही मोठी अडचण हीच होती, की एकाच जातीला गावोगाव वेगळं नाव आणि एकाच नावाखाली वेगवेगळी झाडं. आपल्या इथला चिठ्ठ्यांचा घोळ काही नवा नाही.

काटोलचा_संत्रेवाला, १५ ऑगस्ट, रात्री ८.१५

ताई, तुमच्या पहिल्या झाडाची माती पाहू द्या ना एकदा. त्रिमूर्तीनगरात खाली काळी भारी माती असन तर पाणी साचून राहते. अंजिराले अन् संत्र्याले दोघांलेही पायात पाणी चालत नाही. संत्र्यात आम्ही हेच भोगून राहिलो, मूळ सडलं का वरून कितीही खत द्या, पान पिवळंच.

मी घराजवळ दोन अंजिरं लावली. खड्डा दोन बाय दोन फूट. काळी माती अर्धीच ठेवली, बाकी मुरूम, थोडी रेती, दोन घमेले शेणखत अन् किलोभर निंबाची ढेप. अन् झाड वरंब्यावर बसवलं, आळं खोडाला लागून नाही तर हातभर दूर. तीन पावसाळे झाले, झाड ठणठणीत आहे. ढेप दरवर्षी टाकतो, सूत्रकृमीसाठी.

अन् उंबर कापू नका बापा. औदुंबर आहे तो.

दिवेघाट, १६ ऑगस्ट, सकाळी ६.४५

सदाफुलीताई, मी तुमच्याच माहेरची. आमची साडेतीन एकर अंजीर आहे. फोटो १ मधलं झाड पुणे अंजीरच वाटतंय. फळ आलं की ताडून बघा. आकार घंटेसारखा, वजन साधारण ३० ते ६० ग्रॅम, साल पातळ, हिरवटावर फिकी जांभळट तांबूस झाक, आणि गर गुलाबी तांबडा. पातळ सालीमुळेच ते लांबच्या बाजारात टिकत नाही. दौलताबाद भागातल्या झाडांतून निवडलेली दिनकर आणि आमच्याकडची फुले राजेवाडी, याही निवड करून काढलेल्या आहेत. नुसत्या फोटोवरून त्यांच्यात आणि पुणे अंजिरात फरक करायला मी धजणार नाही. तुमच्या काड्या जुन्या परसातल्या आहेत, तेव्हा पुणे अंजीर म्हणा आणि निश्चिंत राहा.

आता चव. आमच्याकडे दोन बहार, म्हणजे फळांचे हंगाम, पावसाळ्यातला खट्टा आणि उन्हाळ्याच्या तोंडाचा मीठा. नावातच सगळं आलं. पावसाळी फळाला ऊन मिळत नाही, पाणी मात्र भरपूर, म्हणून ते पचपचीत होतं. त्यावरून झाडाची परीक्षा करू नका. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे आमची निचऱ्याची हलकी जमीन आणि कोरडी हवा आहे. तुमच्याकडे जमीन भारी आणि पाऊस जास्त. तुम्ही मीठा बहारच धरा. पाऊस संपला की सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात छाटणी करा. छाटणीपासून फळ हाती यायला चार ते साडेचार महिने लागतात. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये फळ येईल, तुमचं ते भाजणारं ऊन सुरू व्हायच्या आधी.

पानाखालची भुकटी म्हणजे तांबेरा. त्यावर लगेच काम करा. गळलेली पानं झाडाखाली ठेवू नका, रोज गोळा करून जाळा किंवा लांब नेऊन पुरा. आणि एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा. घरच्या एका झाडाला ३ लिटर पुरतं, त्याला ३० ग्रॅम मोरचूद आणि ३० ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत विरघळवा, मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्याच्या दुधाळ पाण्यात ओता, गाळा आणि त्याच दिवशी वापरा. लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून बघा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. फवारा पानाच्या खालच्या बाजूला बसला पाहिजे. वरून मारून काही होत नाही, आमच्याकडे नवे गडी हीच चूक करतात.

सदाफुली, १६ ऑगस्ट, सकाळी ९.३०

दिवेघाट, तुमचं वाचून डोळे भरून आले. 'पुणे अंजीर म्हणा' हे वाक्य आईला फोनवर वाचून दाखवलं.

गच्चीबाग_मनीषनगर, १८ ऑगस्ट, रात्री १०.००

माझाही प्रश्न इथेच विचारतो. वडिलांनी पाच वर्षांपूर्वी इतवारीतून आणलेल्या सुक्या अंजिराच्या बिया पेरल्या. एक झाड झालं, फार सुंदर वाढलंय, गच्चीवर वीस इंची कुंडीत आहे. दोन वर्षं फळं लागतात, करवंदाएवढी होतात आणि पिवळी पडून गळतात. पाणी, खत, कॅल्शियम, सगळं करून झालं. वडील रोज सकाळी गळलेली मोजतात. आता ते ८१ वर्षांचे आहेत आणि एक तरी फळ त्यांना खाऊ घालायचंय मला.

पानफुटी, १८ ऑगस्ट, रात्री ११.४०

दादा, यात तुमची किंवा वडिलांची काहीही चूक नाही.

अंजिरात ढोबळ तीन-चार प्रकार आहेत. एक साधं अंजीर, ज्याचं फळ परागाशिवाय पिकतं. पुणे अंजीर, ब्राउन टर्की, काडोटा, कोनाड्रिया ही त्यातली. दुसरं स्मर्ना, ज्याला पराग मिळाल्याशिवाय फळ धरत नाही, हिरवं असतानाच गळून जातं. तिसरं सॅन पेद्रो. त्याचा जुन्या लाकडावरचा पहिला बार आपोआप पिकतो आणि नव्या फांदीवरच्या बाराला पराग लागतो. आणि चौथं रानटी नर अंजीर, ज्यात तो पराग असतो. हा पराग वाहून नेणारी एकच बारीकशी माशी आहे आणि ती आपल्या नागपुरात नाही. उंबराची केंबरं दिसतात तीही याच जातकुळीतली, पण त्यांचं नातं फक्त उंबराशी. अंजिराला त्यांचा उपयोग नाही.

तुर्कस्तानकडचं सुकं अंजीर बहुतेक स्मर्ना प्रकारचं असतं. त्यातल्या बिया दाताखाली कुरकुरतात कारण त्या भरलेल्या असतात, पराग मिळालेल्या. त्या रुजतात, पण अशा रोपांतली साधारण निम्मी नर निघतात, ज्यांचं फळ खाण्याजोगं नसतं, आणि उरलेल्यांपैकी बरीचशी आईसारखी पराग मागणारी. हे कॅलिफोर्नियातल्या बागायतदारांनीही सोसलंय. १८८० नंतरच्या वर्षांत त्यांनी स्मर्नाची झाडं नेली, झाडं फोफावली आणि फळं गळत राहिली. शेवटी १८९९ साली फ्रेझ्नोला ती माशी स्थिरावली तेव्हा कुठे फळ हाती आलं.

पण झाड काढू नका. पाच वर्षांचं निरोगी खोड आहे. जानेवारीअखेर त्याच्यावर साध्या अंजिराचं कलम बांधा. झाड वडिलांचंच राहील आणि फळ येईल.

गच्चीबाग_मनीषनगर, १९ ऑगस्ट, सकाळी ७.५०

वडिलांना सगळं वाचून दाखवलं. 'म्हणजे झाड चांगलं आहे ना?' एवढंच त्यांनी दोनदा विचारलं. कलमासाठी काडी कोण देईल?

सदाफुली, १९ ऑगस्ट, सकाळी ८.०५

मी देईन. आईच्या झाडाची.

जाई_गांधीबाग, २१ ऑगस्ट, दुपारी ४.२०

एक शंका. आम्ही जैन आहोत. अंजिरात मेलेली माशी असते म्हणून माझ्या सासूबाई खात नाहीत. वर माशीचं वाचलं म्हणून विचारते, घरच्या झाडाच्या फळातही असते का?

पानफुटी, २१ ऑगस्ट, संध्याकाळी ६.००

साध्या अंजिरात ती परागवाहक माशी लागतच नाही, आणि पुणे अंजीर त्याच प्रकारचं आहे. डोळा उघडा असलेल्या जास्त पिकलेल्या फळात बाहेरची चिलटं किंवा बारीक भुंगे शिरू शकतात, पण ते फळ उभं चिरलं की डोळ्यांना दिसतं. बाहेरून आलेल्या सुक्या अंजिराबद्दल मात्र असं सांगता येणार नाही, स्मर्ना प्रकारात माशी आत जातेच. सासूबाईंना घरचं फळ चिरून दाखवा आणि ठरवणं त्यांच्यावर सोडा.

काटोलचा_संत्रेवाला, २४ ऑगस्ट, रात्री ९.००

ताई, उंबर भिंतीपासून किती दूर? चार फुटांच्या आत असन तर पुढे भिंत फोडते. कापायचा नसन तर आत्ता पावसातच मातीच्या गोळ्यासकट उचला, पानं अर्धी कमी करा. आमच्या धुऱ्यावर जागा आहे, नाल्याच्या काठी. मी टेम्पो घेऊन नागपूरले येतोच दर हप्त्याले.

सदाफुली, ३१ ऑगस्ट, संध्याकाळी ७.१०

उंबर आज गेला. दादांनी आणि त्यांच्या मुलाने दोन तास खणलं. सासूबाईंनी निघताना बुंध्याला हळदकुंकू लावलं. खड्ड्यातल्या मातीत मुरूम घालून ठेवलाय.

बोर्डो दोन वेळा झाला. पानं गळाली, पण गेल्या वर्षीसारखं झाड बोडकं नाही झालं. शेंड्याकडची पंधरा-वीस पानं टिकली आहेत.

सदाफुली, ६ ऑक्टोबर, रात्री ९.१५

छाटणी केली, आणि एक गोष्ट सगळ्यांनी वाचावी म्हणून लिहिते. मी अर्ध्या बाहीत, हातमोजे न घालता, सकाळी अकराच्या उन्हात फांद्या कापल्या. चीक मनगटावर ओघळला, पदराने पुसला आणि काम चालू ठेवलं. तेव्हा काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत ओघळ जिथून गेला बरोब्बर तिथेच लाल पट्टे उठले आणि मग भाजल्यासारखे फोड आले. त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं, लिंबू पिळून उन्हात होतात का? मी अंजीर म्हणाले तर त्यांनी लगेच मान हलवली. चिकात सोरालेन नावाचं द्रव्य असतं, ते अंगावर असताना ऊन लागलं की कातडी भाजते. चट्टे जायला काही महिने लागतील म्हणाले.

लहान मुलं घरात असतील त्यांनी विशेष सांभाळा. छाटणी सूर्य कलल्यावर करा, पूर्ण बाही आणि मोजे घाला, चीक लागला तर लगेच साबणाने धुवा आणि त्या दिवशी उन्हात जाऊ नका. गच्चीवरच्या मुलांच्या खेळण्यांवर चीक पडला होता, तीही धुतली.

दिवेघाट, ७ ऑक्टोबर, सकाळी ६.३०

जपा ताई. मी आधीच सांगायला हवं होतं, आम्हाला त्याची इतकी सवय की सुचलंच नाही. आमच्याकडे बायका जुन्या साड्यांच्या बाह्या शिवून घालतात.

छाटणीनंतर कापलेल्या जागी बोर्डोची दाट पेस्ट लावा आणि खोडाला चुना फासा. अंजिराची साल उन्हाने तडकते आणि त्या फटीतून खोडकिडा शिरतो. बुंध्याशी लाकडाचा भुसा दिसला तर दुर्लक्ष करू नका. तारेने भोक साफ करून कापसाचा बोळा कोंबा आणि चिखलाने लिंपा. आणि जी फांदी सरळसोट वाढते, बाजूला फुटत नाही, तिला पुढच्या जुलैत खाचा पाडा. फांदीवरच्या डोळ्याच्या बरोबर वर, इंचभर लांब, सालीपुरता तिरका काप. तो डोळा फुटतो आणि फळाची फांदी मिळते.

गच्चीबाग_मनीषनगर, २ फेब्रुवारी, रात्री ८.४५

काल सदाफुलीताईंकडून काड्या आणल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, गेल्या वर्षीच्या लाकडाच्या, वीतभर, प्रत्येकीवर चार-पाच डोळे. तीन काड्या वडिलांच्या झाडावर पाचरकलम केल्या. उरलेल्या पिशवीत लावल्या, अर्धी रेती अर्धी माती, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वरचा एकच डोळा बाहेर. पानफुटीताईंनी फोनवर सांगितल्याप्रमाणे काड्यांचा चीक आधी दिवसभर सुकू दिला. वडील शेजारी खुर्ची टाकून बसले होते, पट्टी त्यांनीच घट्ट केली.

सदाफुली, ९ मार्च, रात्री १०.२०

अंगणातल्या झाडाला ३४ फळं आहेत. महिनाभर ती गोटीएवढीच होती, एक तसूभरही वाढली नाहीत. मी रोज घाबरत होते. दिवेघाटताईंनी धीर दिला की अंजीर आधी भराभर वाढतं, मग मध्ये थबकतं आणि शेवटच्या काही दिवसांत एकदम फुगतं. तस्संच झालं. पाण्याचा नेम मोडला नाही, कारण कोरडं ठेवून एकदम पाणी दिलं की फळ तडकतं असं आईही सांगत आली. बुलबुलांसाठी फळाला मलमलच्या पिशव्या बांधल्या आहेत, जुन्या साडीच्या. एप्रिलसाठी हिरवी नेट आणून ठेवलीय, कारण पारा चाळिशीच्या वर गेला की फळ लहान आणि चामट राहतं हे मागल्या वर्षी गच्चीवर पाहिलं.

आज सकाळी आईला फोन केला. तिने एकच विचारलं, 'मान वाकली का?' एका फळाची वाकली होती. फळ रंगावरून किंवा दाबून पारखायचं नसतं, देठाशी फळ स्वतःच्या वजनाने लवलं पाहिजे, कारण तोडल्यावर ते आणखी गोड होत नाही. उतरवलं तेव्हा देठाला चिकाचा थेंबही नव्हता. सालीवर दोन बारीक पांढरट भेगा, डोळा जेमतेम उघडा. उभं चिरलं. सालीखाली पांढऱ्या गराची कडा, मग गुलाबी तांबडं, आणि मधोमध पोकळीत चकाकणारा मधासारखा रस. वजन ४१ ग्रॅम. घंटेसारखा आकार. दिवेघाटताई, पुणे अंजीरच आहे.

गच्चीवरच्या झाडाची चिठ्ठी काढून टाकलीय. ड्रमवर खडूने 'हिरवं, लाल गर' लिहिलंय.

काटोलचा_संत्रेवाला, १० मार्च, सकाळी ७.००

अभिनंदन ताई. उंबराले नवी पालवी आली, फोटो टाकतो संध्याकाळी. एक फळ आमच्यासाठी ठेवजा.

गच्चीबाग_मनीषनगर, १२ मार्च, सकाळी ८.१०

तीनपैकी दोन कलमं फुटली. पहिलं पान काल उघडलं. वडिलांनी बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, खरखरीत आहे. जोडाच्या खालून एक फुटवा आला होता, तो त्यांनी स्वतःच खुडला.

पिशवीतल्या काड्यांपैकी पाच रुजल्यात. मला दोन पुरेत.

जाई_गांधीबाग, १२ मार्च, दुपारी १२.४०

एक माझ्यासाठी ठेवाल का? सासूबाईंनीच सांगितलंय. रविवारी सकाळी येते, कुंडी सोबत आणते.